टेपरेकॉर्डरवरचं बारसं

मुलगी झाली त्या दिवशी मी दवाखान्यात दोन वस्तू घेऊन गेलो होतो. एक थर्मास आणि एक टेपरेकॉर्डर. थर्मास सासूबाईंनी मागवला होता. टेपरेकॉर्डर मी माझ्या मनानं नेला. नर्सबाईंनी आधी मला आणि मग त्या यंत्राला नीट पाहिलं.

"हे कशाला?"

"आवाज भरायला."

"कुणाचा?"

मी बायकोच्या कुशीतल्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. नर्सबाई हसत बाहेर गेल्या आणि आणखी दोघींना बोलावून घेऊन आल्या. तिघींच्या देखत मी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं. खटकन आवाज झाला आणि तोवर शांत झोपलेली माझी मुलगी दचकून रडायला लागली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला यंत्र घेऊन व्हरांड्यात जावं लागलं. पण आवाज भरला गेला होता. व्हरांड्यात उभं राहून मी तो चार वेळा ऐकला. माझ्या आयुष्यात इतकी चांगली गोष्ट मी त्याआधी ऐकली नव्हती, हे लिहिताना आजही मला थोडा संकोच वाटतो, पण ते खरं आहे.

यंत्रांचं हे वेड मला कुठून लागलं ते सांगता येत नाही. आमचं घर मेंढरांचं. वडील, चुलते, पुढे माझ्या मोठ्या बहिणीचं सासर, सगळे मेंढरांमागं. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सकाळी कॉलेज करायचं आणि दुपारच्या पाळीला सायकलवरून चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचं, असा माझा दिवस होता. तेव्हा तिकडे दर महिन्याला नव्या शेडचे खांब उभे राहत होते आणि कुठल्या ना कुठल्या गेटवर 'पाहिजेत' अशी पाटी असायची. मला एका कारखान्यात बारीक तारा जोडून त्यांना सोल्डरिंगचा डाग देण्याचं काम मिळालं होतं. राळेचा धूर नाकात जायचा, डोळे चुरचुरायचे, पण तार जोडली की दिवा लागायचा. हे मला दररोज नवीन वाटायचं. टेपरेकॉर्डर मी पगारातून साठवून घेतला होता. त्याआधी वर्षभर गुलमंडीवरच्या एका दुकानाच्या काचेसमोर मी इतक्या वेळा उभा राहिलो होतो की दुकानदार मला आत बोलावून चहा पाजायला लागला होता.

मुलगी घरी आली आणि माझ्या डोक्यात नुसता कारखाना सुरू झाला. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी शहरातच राहायला सांगितलं म्हणून सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. आमची एकच खोली. घरमालकीण मुसलमान म्हातारी होती. सगळी गल्ली तिला खाला म्हणायची, आम्हीही म्हणायचो. त्या एका खोलीत मी काय काय केलं! भिंतीला थर्मामीटर टांगला. ताणकाट्याला धोतराची झोळी बांधून मुलीचं वजन करायला लागलो, सकाळचं आणि संध्याकाळचं. गजराचं घड्याळ दुधाच्या वेळांना लावलं. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे ओल ओळखणारी घंटा. दुपट्यात तांब्याच्या दोन बारीक तारा शिवल्या, त्या एका ट्रान्झिस्टरला जोडल्या, पुढे दोन सेल आणि एक बारकी घंटी. दुपटं ओलं झालं की तारांमधून वीज वाहणार आणि घंटी वाजणार. आणि खरंच वाजली! मी आनंदानं ओरडलोच.

ती त्या सकाळी अकरा वेळा वाजली.

"अहो, मला कळतं ना ती ओली झाली की," बायको म्हणाली. "ती रडते."

"पण रडायच्या आधी कळलं तर?"

"आधी कळून काय करू? आधीच बदलू का?"

सासूबाई कोपऱ्यात बाळंतविड्याचं सामान निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, देवळातबी एवढी घंटा वाजत नाय." दारातून खाला डोकावली. "क्या रे बाबा, बच्ची है के मदरसा? घंटी पे घंटी." दुसऱ्या दिवशी घंटीचे सेल कुणीतरी काढून ठेवले होते. कुणी ते मी विचारलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर शहर ताणलेलं होतं. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत होते, विरोधात बंद पुकारले जात होते, खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या. परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. एसटी आज चालू, उद्या बंद. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा मित्र नामांतराच्या बाजूनं सभांना जायचा. त्याच्या वस्तीतून तोच पहिला कॉलेजात आलेला, जसा आमच्यातून मी. नाव दिलं पाहिजे असं मला मनातून वाटायचं. पण गावाकडे गेलो की लोक उलट बोलायचे आणि मी गप्प बसायचो, कारखान्यातही गप्प बसायचो. माझा स्वभावच तसा, असं मी स्वतःला सांगत होतो.

बारसं बाराव्या दिवशी ठरलं. आणि बारसं म्हटलं की आक्का.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. मी शाळेत गेलो, कारण माझ्या वाटची मेंढरं तिनं राखली. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण एक गोष्ट ती नेहमी सांगायची: "तुझ्या पोरांची नावं मी ठिवणार. त्यात कुणाचं काय चालू द्यायची नाय." आमच्याकडे नाव आत्याच ठेवते. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. नाव तिनं मनात ठेवलेलं असतं. बाळाच्या आधी ते कुणाच्या कानावर पडू द्यायचं नसतं, आईच्या नाही आणि बापाच्याही नाही.

पण आक्काच्या सासरचा कळप फुलंब्रीच्या पुढे दोन कोसांवर उतरला होता आणि बारशाच्या दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड हलणार होतं. एकदा मेंढरं निघाली की पावसाळ्याच्या तोंडालाच परत. तीन-चार दिवस एसटी सुटलेली नव्हती, सुटेल असं दिसतही नव्हतं. मी हे सगळं बाकावरच्या मित्राला सांगत होतो. जरा रागानंच सांगत होतो. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला.

"तुझ्या पोरीचं नाव चार दिवस लांबतंय तर तुला बसवत नाही," तो म्हणाला. "आमचं किती दिवस लांबलंय बघ की जरा."

त्याच्या हसण्यात राग नव्हता. पुढे त्यानंच विचारलं, "सायकल आहे ना तुझी? मग?"

सायकल होतीच. आणि त्याच क्षणी मला टेपरेकॉर्डर सुचला. आक्का येऊ शकत नसेल, तर आक्काचा आवाज येईल! मी घरी पळतच गेलो. बायकोला सांगितलं तेव्हा माझे शब्द एकमेकांवर पडत होते. ती मुलीला थोपटत होती.

"त्यांना चालेल का?"

"न चालायला काय झालं? आवाज तिचाच ना!"

अकराव्या दिवशी सकाळी मी निघालो. टेपरेकॉर्डर गोधडीत गुंडाळून कॅरिअरला बांधला. नवे सेल घातले. कॅसेट तीच, जिच्यात मी मुलीचं रडणं भरलं होतं. चार दिवसांपूर्वी ती भुकेनं बेंबीच्या देठापासून रडली होती आणि शेवटी बायकोनं उचलून घेतल्यावर एकदम गप्प झाली होती. ते सगळं टेपवर होतं. म्हटलं, आक्काला आधी भाचीचा आवाज ऐकवू. त्यापुढची टेप कोरी होती. कोरी टेप जिथून सुरू होते तिथं मी कॅसेटच्या काचेवर शाईची बारीक खूण केली होती. हर्सूल मागं पडलं, चौक्याच्या चढाला उतरून सायकल ढकलली आणि उन्हं चढता चढता कळपापाशी पोचलो.

आक्का कोकरांना पाजत होती. मला पाहून उठली, पदराला हात पुसले.

"आरं, बारसं सोडून इकडं कुठं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. तिला घेऊनच आलोय."

तिनं माझ्या मागं पाहिलं. मी गोधडी सोडली, यंत्र घोंगडीवर ठेवलं आणि बटण दाबलं. माझी मुलगी त्या माळावर रडायला लागली. तो क्षण मी कधी विसरणार नाही. चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. दोन-तीन तर ओरडायलाच लागल्या. आक्का मटकन खाली बसली आणि यंत्राच्या जाळीजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आगं आगं आगं, काय झालं माज्या बाईला?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दाजी, म्हणजे तिचा नवरा, काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले. "घसा चांगला हाय," ते म्हणाले. "मेंढरं वळवंल."

मग मी माझी योजना सांगितली. आक्का ऐकत होती आणि मला वाटलं, नाही म्हणणार.

"त्या डब्यात बोलायचं? मंग तिला ऐकू जाईल?"

"अगदी कानाशी लावणार उद्या. तू बोलशील तसंच्या तसं."

"लई भारी हाय की रे!" ती म्हणाली आणि मी फुलून गेलो. मी तिला बटणं दाखवली. हे मागं न्यायचं, हे ऐकायचं, हे थांबवायचं. आवाज भरताना हे लाल आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम. मी इतका आनंदात होतो की इतकं सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं दोनदा मान डोलावली. मला तेवढं पुरलं.

"आता तू जा तिकडं बाभळीखाली," ती म्हणाली. "पाठ कर. नाव तुला ऐकू यायचं नाय."

मी बाभळीखाली पाठ करून उभा राहिलो. दाजींनाही तिनं हाकललं. आम्ही दोघं झाडाकडे तोंड करून उभे, जसे मास्तरांनी शिक्षा केलेले. मागून मुलीचं रडणं पुन्हा ऐकू आलं. म्हटलं, आणखी एकदा ऐकतेय, ऐकू दे. मग काही वेळानं सगळं शांत झालं आणि तिनं हाक मारली, "झालं! ये!" तिचा चेहरा असा उजळला होता की मी काही विचारलं नाही. विचारणार तरी काय? ऐकून बघायची तर सोयच नव्हती. येताना सगळ्या वाटेवर तो डबा माझ्या पाठीशी होता, त्यात नाव होतं, आणि एक बटण दाबलं की मला कळलं असतं. मी दाबलं नाही. त्याचा मला लई अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका, त्यांची मुलं, दारात खाला. मुलीला पाळण्यात घातलं. घुगऱ्यांचा वास सुटला होता. मी यंत्र पाळण्याच्या दांडीजवळ धरून उभा होतो. खूण बघून टेप बरोबर जागेवर आणून ठेवली होती. आवाज बारीक केला, जाळी मुलीच्या कानाशी नेली आणि बटण दाबलं.

खरखर.

सगळ्या बायका श्वास धरून होत्या. पुढेही खरखरच. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "कुर्र तरी कर म्हणावं," मागून एकजण म्हणाली. "आता बोलेल," मी म्हणालो. खालाला वाटलं, बुक्के घालायची वेळ झाली. ती पुढे आली आणि आत्याच्या पाठीत घालायचा तो बुक्का तिनं टेपरेकॉर्डरच्या पाठीत घातला. सगळी खोली हसून कोसळली. मी घाबरून टेप मागं घेतली आणि पुन्हा बटण दाबलं. त्या गडबडीत आवाजाचं चाक फिरलं असावं, कारण पाळण्यातून एकदम मोठ्यानं रडणं ऐकू आलं. पण पाळण्यातली मुलगी रडत नव्हती. ती डोळे वाटोळे करून स्वतःचंच रडणं ऐकत होती.

"अरे ये तो खुद को रो के सुना री!" खाला म्हणाली.

"नाव कुठंय पण?" सासूबाईंनी विचारलं.

नाव नव्हतं. मी टेप पुढे नेली, मागं नेली, उलटून घातली. आक्काचा एकही शब्द तिच्यावर नव्हता. लाल बटण दाबलंच गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. बायकांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांना आमची कीव येतेय हे मला दिसत होतं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"माझी चुलतपुतणी आलीय की," सासूबाई म्हणाल्या. "ती जावईबापूंची बहीणच म्हणायची. तिनं ठिवावं. बायका काय रोज जमत्यात व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी मान हलवणार होतो. माझ्या खिशात एक कागदही होता. त्याच्यावर मी निवडलेली सात नावं होती, नव्या धर्तीची, मासिकांतून आणि पुस्तकांतून वेचलेली. आक्कानं कधी विचारलं तर सुचवावीत म्हणून लिहून ठेवली होती. तो कागद काढायला मी हात घातलासुद्धा.

"नको," बायको म्हणाली. बाळंतीण, बारा दिवसांची, खाटेवरून उठून उभी राहिली. "नाव आक्कांनी ठेवायचं. त्यांचा मान आहे. घुगऱ्या वाटा, नाव मागनं ठेवू."

"मागनं म्हंजी? पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तर पावसाळ्यात."

खाला म्हणाली, "हौ, सही है. फूफी का हक है." आणि तिनं घुगऱ्यांसाठी पहिली ओंजळ पुढे केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पुन्हा सायकल काढली. टेपरेकॉर्डर नेला नाही. कळप निघण्याच्या आत आक्काला गाठायचं आणि नाव विचारून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. ती सांगेल, मी तिच्या वतीनं मुलीच्या कानात सांगीन. पण कळप पहाटेच हलला होता. तो फुलंब्रीच्या अलीकडेच मला रस्त्यात भेटला. शेकडो मेंढ्यांनी सगळा रस्ता भरून टाकलेला, घोड्यावर भांडी आणि कोकरं, आणि सगळ्यांच्या मागं आक्का.

"झालं बारसं?" तिनं लांबूनच ओरडून विचारलं. "नाव सांगितलं का तिला?"

मी सायकलवरून उतरलो. "आक्का, तू लाल बटण दाबलंच नाहीस."

"कशाला दाबू? म्या ते मागं न्यायचं दाबलं, मंग ऐकायचं. ती रडाया लागली. म्या तिच्या कानात नाव सांगितलं." ती हसली. तेच परवाचं उजळलेलं हसणं. "आन काय सांगू बापू तुला, नाव सांगितलं आन पोरगी गप झाली! एकदम गप! वळखलं तिनं मला."

मला सगळं समजलं. टेलिफोनसारखं समजली होती ती. ज्या डब्यातून पोरीचा आवाज येतो त्या डब्यातून आपला आवाज पोरीकडे जातो. आणि चुकीचं तरी काय होतं त्यात? नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं. कोऱ्या फितीला सांगायचं, हे माझं डोकं. रडणाऱ्या बाळाला सांगायचं, हे तिचं.

मी तिथं उभा होतो आणि मेंढ्या दोन्ही बाजूंनी माझ्या पायांना घासून जात होत्या. तिला खरं सांगायची गरज नव्हती. "तू ठेवलेलं नाव जरा सांग, म्हणजे कागदावर लिहितो," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती खुशीनं पुढे गेली असती, पावसाळ्यापर्यंत त्याच खुशीत राहिली असती. पण नाव तिनं ठेवलंय असं तिला वाटत राहणार आणि मला माहीत असणार की नाही ठेवलं, हे मला जमलं नसतं.

"आक्का, ती त्या वेळी तिथं नव्हती. तो आवाज चार दिवसांआधीचा होता. मी भरून ठेवलेला. तिला आईनं उचललं म्हणून ती गप्प झाली."

तिचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. "मंग म्या कुणासंग बोलले?"

"कुणासंगच नाही. चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही."

ती कळपाकडे बघत राहिली. पुढची मेंढरं वळणापाशी पोचली होती. मला वाटलं, आता रडेल किंवा मला शिव्या घालेल. तिनं हातातली काठी दाजींच्या हातात दिली.

"फुडं पानी लागलं की थांबा. दिवस मावळायच्या आत येते."

"आन चाललीस कुठं?" दाजी म्हणाले.

"बारशाला. अजून व्हायचंय म्हणतोय हा शहाणा." आणि मला म्हणाली, "बघतोस काय? सायकल वळव."

मी सायकल वळवली. आक्का कॅरिअरवर बसली, दोन्ही पाय एका बाजूला, एक हात माझ्या कमरेला. असा जोर माझ्या पायांत त्याआधी कधी आला नव्हता. उतारावर ती ओरडत होती, "हळू! आरं हळू!" आणि सपाटीवर म्हणत होती, "जोरात हाण की, भाकरी खाल्ली नाय व्हय?" हर्सूलच्या अलीकडे पोलिसांनी रस्त्यावर दोरी बांधली होती, त्यांनी अडवलं. एकानं विचारलं, कुठून आलात, कुठं चाललात, काय काम आहे. त्या दिवसांत शहरात शिरणाऱ्याला हे विचारलं जायचंच. मी चाचरत कॉलेजचं कार्ड शोधायला लागलो. आक्का मागून म्हणाली, "भाचीचं नाव ठिवायला चालले. सोडा लवकर, मेंढरं खोळंबलीत." पोलिसानं मला पाहिलं, तिला पाहिलं आणि दोरी खाली घेतली.

खोलीत शिरलो तेव्हा मुलगी झोपलेली होती. आक्कानं दारात पाय धुतले, हात धुतले आणि पाळण्याजवळ जाऊन उभी राहिली. बायको मुलीला जागं करायला वाकली.

"झोपू दे," आक्का म्हणाली. "झोपंत बी कान उघडेच आसत्यात."

सासूबाईंनी खालाला हाक मारली. खाला पिठाच्या हातांनी धावत आली, तिच्या मागून शेजारच्या दोघी. मी यंत्राकडे पाहिलं, ते फळीवर होतं. तिथपर्यंत जायचं तर बायकांमधून वाट काढावी लागली असती, आणि तोवर आक्का वाकलीही होती. तिनं ओठ मुलीच्या कानाला लावले. कुर्रर्र! आणि मग आम्हा कुणालाच ऐकू आलं नाही असं काहीतरी.

"मारो! मारो!" खाला ओरडली आणि आक्काच्या पाठीत पिठाचा हात उमटला. सासूबाईंनी घातला, शेजारणींनी घातला.

"हळू गं बायांनो, सायकलीनं आधीच मोडलीय पाठ!"

मुलगी जागी झाली आणि रडायला लागली. आक्कानं तिला उचललं, छातीशी धरलं आणि मग नाव मोठ्यानं सांगितलं. सासूबाईंनी ते लगेच दोनदा म्हणून बघितलं. बायकोनंही म्हटलं, हळू, हसत. मी म्हटलं नाही. ते आमच्या आजीच्या काळचं नाव होतं, दोन अक्षरी, जाडंभरडं. माझ्या कागदावरच्या सातांपैकी कुठल्याच नावाच्या आसपासही नव्हतं. मी ते तोंडातल्या तोंडात घोळवत होतो.

आक्का मुलीला थोपटता थोपटता माझ्याकडे बघत होती.

"काय रे? आवडलं नाय व्हय?"

"आवडलं," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस," ती म्हणाली. "पर तुला कोण इचारतंय? जिला सांगायचं तिला सांगितलं."